दही मागायला पोरं का लाजतात?

रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळीच्या टेबलावर चार-पाच पोरं बसली की पहिला घास घशाखाली जायच्या आत कुणीतरी ओरडतं, "रस्सा आण अजून, झणझणीत!" मग बाकीच्यांनाही तो घ्यावाच लागतो. कपाळावरून घाम ओघळतोय, नाक वाहतंय, तरी दह्याची वाटी मागायला जीभ रेटत नाही. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ग्लासवर ग्लास रिचवूनही आग शमत नाही. दह्यातलं केसिन हे प्रथिन मात्र ते जिभेवरून धुऊन नेतं. हे साधं रसायन आहे, यात हार-जीत कसली?

मिसळीतलं खरं बळ मटकीच्या उसळीत असतं. वरच्या रश्शात पाण्याखेरीज असतं ते बव्हंशी तेल, मसाला आणि मीठ. त्यामुळे "उसळ वाढवून द्या, फरसाण आणि तर्री वेगळी द्या" असं सांगा. फरसाण वेगळं आलं की आपण किती टाकतोय ते तरी डोळ्यांना दिसतं.

मुळात हे सगळं घरापासूनच सुरू होतं. पोराच्या ताटात आई-आजी न विचारता पोळी वाढतात, वर तूप सोडतात, आणि स्वयंपाक शिकायची वेळ आली की बहिणीला हाक मारतात. असा मुलगा नोकरीसाठी सातपूर-अंबडला खोली घेऊन राहतो, तेव्हा भूक किती आणि भाजी किती, याचा त्याला अंदाजच नसतो. मेसच्या डब्यातली मेथी-दोडका तशीच परत जाते, कोशिंबीर घेतली तर "डाएटवर आहेस का रे?" असं कुणीतरी विचारतं आणि पोट वडापाववर भरतं.

जिममध्ये गेलं की उलटं टोक. पावडरचा डबा चारचौघांत दाखवता येतो, सोयाबीन वडीचा उल्लेखही नको. वडी खाल्ली की पुरुषत्व कमी होतं, ही भीती फार पसरली आहे. 2010 आणि 2021 साली अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासले गेले, तेव्हा सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे पुरुषी संप्रेरकात, फरक आढळला नाही. 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. 50 ग्रॅम सुक्या वडीत 26 ग्रॅम मिळतात, म्हणजे चार अंड्यांइतकी.

वडी आवडत नाही म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा ती नीट पिळलेली नसते. मिठाच्या उकळत्या पाण्यात 5 ते 7 मिनिटं ठेवा, गार पाण्यात काढा, दोन्ही तळव्यांत दाबून पिळा आणि हे दोनदा करा. पहिल्या पाण्यातच तो उग्र वास निघून जातो. पिळली नाही तर आतलं पाणी रश्शात उतरतं आणि मसाला आत शिरतच नाही.

मटकी त्याहून सोपी. 8 तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात 12 तासांत मोड येतात, पण डिसेंबरात आपल्याकडच्या थंडीत 24 तासही लागतात. घाई करून आणखी पाण्यात ठेवली तर ती चिकट होते आणि आंबूस वास येतो. शिजवताना कुकरची एकच शिटी. तीन झाल्या की मोड गळून लगदा होतो.