हा म्हातारा कोण?

"मामा, हा म्हातारा कोण?"

बर्फाच्या गुहेत लिओनार्ड निमॉय अवतरला आणि भाचीने पॉपकॉर्न चघळत विचारलं. २००९चा 'स्टार ट्रेक' पाहत होतो, १९६६च्या अंतराळ-मालिकेवरचा, नव्या नटांचा सिनेमा. मी म्हटलं, "अगं, जुन्या मालिकेत स्पॉक झाला होता तो हाच, हाच खरा स्पॉक!" ती म्हणाली, "मग तो तरुण कोण, खोटा?"

बोलती बंद.

तसा सिनेमा मला आवडतो. कार्ल अर्बनने केलेला यानाचा डॉक्टर मॅकॉय तर झकासच. खलनायक निरो भविष्यातून भूतकाळात येतो, काळाला नवा फाटा फुटतो, म्हणजे १९६६पासूनच्या जुन्या गोष्टींना धक्का नाही. चलाख सोय! पण त्याच फाट्यावर व्हल्कन हा स्पॉकचा अख्खा ग्रह उडवला आणि दोन प्रसंगांनंतर पुन्हा पळापळ सुरू. जुन्या मालिकेतल्या मंडळींनी इतक्या मोठ्या गोष्टीवर निदान टेबलाभोवती बसून वाद तरी घातला असता. आणि त्यांच्या एंटरप्राइझ यानाची इंजिनरूम? ती चक्क बिअरच्या कारखान्यात चित्रित केलीय. एकदा कळलं की ते पाइप बघताना बिअरच आठवते, काय करणार!

भाचीला मात्र सगळंच भारी वाटलं. आता म्हणते, जुनी मालिका दाखव. ते पुठ्ठ्यासारखे दगड बघून ती मोबाइल काढणार, ही धास्ती आहे.

जाणकारांनो, सुरुवात कुठल्या भागापासून करू?