पेन विरुद्ध बाल्टिमोर: मे १७५० चा निकाल १७४९ च्या वहीत

पेन (पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे मालक) आणि बाल्टिमोर (मेरीलँडचे मालक) घराण्यांचा जमिनीचा खटला मूळ कागदांतून वाचायचा असेल, तर आधी हे लक्षात घ्या: निकाल मे १७५० चा असला, तरी कोर्टाची हुकूमवही १७४९ ची मागवायची. हे कुठेच ठळकपणे लिहिलेलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मेरीलँडची सनद १६३२ ची, पेनसिल्व्हेनियाची १६८१ ची, आणि दोन्हींच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या. १७३२ मध्ये हद्दीचा करार झाला, पण बाल्टिमोर तो पाळेनात. म्हणून विल्यम पेनच्या मुलांनी १७३५ मध्ये लंडनच्या चॅन्सरी कोर्टात दावा लावला. जमीन अमेरिकेत, तरी पक्षकार इंग्लंडात, त्यामुळे करार पाळायला लावणं कोर्टाच्या हातात होतं.

फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर या शहरांतले घराण्यांचे कागद विनासायास मिळाले. घोडं अडलं ते लंडनला, कोर्टाच्या हुकूमवह्यांपाशी. कोर्टाचं वर्ष शरदातल्या मायकेलमस सत्रापासून धरतात, म्हणून मे १७५० हा १७४९ च्या वर्षात येतो. एका वर्षाच्या दोन वह्या, ‘ए’ आणि ‘बी’. वादीचं आडनाव एल किंवा त्यापुढच्या अक्षराचं असेल तर ‘बी’. अनुक्रमणिका वेगळ्याच खंडात, आणि तिच्यात नावं फक्त आद्याक्षराने लावलेली, तीही सत्रवार. म्हणजे ‘पी’खालची सगळी नावं एकेक करून वाचायची, मग पान क्रमांक घेऊन मूळ वही मागवायची आणि ती येईपर्यंत ताटकळायचं. खटला पंधरा वर्षं चालला, तेव्हा मधले हुकूम हवे असतील तर दरवर्षी हेच. मोडी वाचायची सवय असलेल्यालाही हे अक्षर पहिल्या दिवशी दाद देत नाही. ओळी सलग, परिच्छेद नाहीत. आधी कडेची पक्षकारांची नावं शोधा, मजकूर नंतर.

हो, आणि पेन्सिलच न्या, शाईचं पेन आत चालत नाही. १७५२ पूर्वी साल २५ मार्चला बदलायचं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा दोनदा तपासा.

वसंतातल्या ईस्टर सत्रात निकालाची नोंद सापडली तेव्हा मी अक्षरशः उभा राहिलो. हद्दीचा एक भाग म्हणजे न्यू कॅसल या शहराभोवतीचं बारा मैलांचं वर्तुळ; हे बारा मैल म्हणजे परीघ, असं बाल्टिमोरचं म्हणणं होतं. तसं धरलं असतं तर वर्तुळ शहरापासून दोन मैलांच्या आतच संपलं असतं. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी बारा मैल ही त्रिज्या ठरवली, केंद्र शहराच्या मध्यावर. डेलावेअरची उत्तरेकडची गोल सीमा आजही तीच आहे.