उजनीच्या फुगवट्यातील तांबडे पाणी

उजनीचा साठा मे महिन्यात उणे झाला, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरले, की भिगवणच्या वरच्या अंगाला फुगवटा आटत जातो आणि काठाने काळ्या गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात. अशाच एका उन्हाळ्यात तिथल्या एका मच्छीमार मामांचा मला फोन आला. नदीच्या तोंडाशी पाणी तांबडे पडले आहे, जाळ्याला मासा लागत नाही, वरून कोणीतरी रंगाचे रसायन सोडले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या जलाशयातील प्राणिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगत जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा, अभ्यास मी करत असल्यामुळे त्यांनी मला बोलावले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच आम्ही होडी पाण्यात घातली. "मामा, मेलेला मासा दिसला का कुठे?" असे मी विचारले. "एकबी नाही, मॅडम. मासाच नाही, तर मरंल कसा?" हे उत्तर मला महत्त्वाचे वाटले, कारण विषारी द्रव्य आले असते तर काठाला चिलापीचा खच दिसायला हवा होता.

फटफटल्यावर तांबूस पट्टे दिसू लागले. वल्हे फिरले की पट्टा फाटत असे आणि थोड्या वेळाने पुन्हा सांधला जात असे; पाण्यात मिसळलेला रंग असा वागत नाही. काचेच्या बरणीत पाणी घेऊन उजेडासमोर धरले, तेव्हा राजगिऱ्याच्या दाण्याएवढे असंख्य तांबडे जीव झटके देत वर-खाली करताना दिसले. मामा बराच वेळ त्या बरणीकडे पाहत राहिले.

सूक्ष्मदर्शक मी सोबत नेला होता, कारण हे जीव जिवंत असतानाच पाहायचे होते. नमुने टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मालिनमध्ये त्यांचा रंग टिकत नाही. काचपट्टीवर मोइना मायक्रुरा, म्हणजे पाणपिसवांपैकी एक सूक्ष्म कवचधारी जीव, स्पष्ट ओळखू आली. पारदर्शक कवचाआड हृदय वेगाने धडधडत होते, पाठीकडच्या पिशवीत पिले वाढत होती आणि सगळ्या शरीरभर लालसर छटा पसरली होती. ही छटा हिमोग्लोबिनची. आपल्या रक्तात ते पेशींच्या आत असते, मोइनाच्या शरीरात ते थेट द्रवात विरघळलेले असते. पाण्यातील ऑक्सिजन कमी पडू लागला की हा जीव अधिक हिमोग्लोबिन तयार करतो, पण ते एका रात्रीत साचत नाही. म्हणजे इथे ऑक्सिजनची टंचाई कित्येक दिवसांची होती.

पहाटेच्या मोजणीत विद्राव्य ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्याही खाली होता. मासे तिथून हटले होते ते यामुळेच, आणि खाणारे मासे हटल्यामुळेच मोइना एवढी माजली होती. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तिची मादी नराविना पिले देते आणि ती पिले काही दिवसांतच स्वतः वितात. खायला जीवाणू आणि सेंद्रिय कण भरपूर होते. मत्स्यबीज केंद्रांत शेण आणि शेंगदाणा पेंड घालून माशांच्या पिलांसाठी हीच मोइना मुद्दाम वाढवतात. इथे ते खत पुणे-पिंपरी चिंचवडच्या सांडपाण्यातून, मुळा-मुठा आणि भीमेच्या वाटेने येत होते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. वरून आलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस या साठ्यात आणि गाळात साचत राहतात.

दुपारी दोन वाजता मी मुद्दाम त्याच जागी पुन्हा मोजणी केली, आणि त्या दिवसातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ती होती. तीस अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मुरणारा ऑक्सिजन लिटरला साधारण ७.५ मिलिग्रॅमवर स्थिरावतो. माझे यंत्र त्याहून जास्त दाखवत होते. उन्हात मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाने पाणी ऑक्सिजनने भरून टाकले होते. रात्री तेच शैवाल आणि गाळातले जीवाणू तो संपवून टाकत होते. फक्त दुपारी येऊन नमुना घेणाऱ्याच्या वहीत हे पाणी उत्तम म्हणून नोंदले गेले असते. मोइनाच्या अंगावरचा रंग मात्र दुपारीही तसाच होता.

जाळीतून गाळलेल्या नमुन्यातील बाकीचे जीवही हेच सांगत होते. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस, केराटेला ट्रॉपिका असे पोषकद्रव्यांनी माजलेल्या पाण्यात फोफावणारे रोटिफर, म्हणजे डोक्यावरच्या केसाळ चक्राने अन्न ओढणारे सूक्ष्म प्राणी, दाटीने होते आणि कोपेपॉडांमध्ये, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म जीवांमध्ये, सायक्लॉप्स गटाचेच जीव होते. तुलनेने स्वच्छ पाण्यात सहज भेटणारे डायप्टोमस गटातले कोपेपॉड शोधूनही सापडले नाहीत.

संध्याकाळी मामांना सांगताना शब्द जपून वापरावे लागले. "हा रंग रसायनाचा नाही" एवढेच सांगितले असते, तर ते खरे असूनही पाणी चांगले आहे असा त्याचा अर्थ गावात पोहोचला असता. म्हणून त्यांना लेखी दिलेल्या टिपणात मी दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली: तांबडा रंग प्राण्यांचा आहे, आणि ते प्राणी तांबडे आहेत, कारण सांडपाण्यामुळे इथे रोज पहाटे ऑक्सिजन जवळजवळ संपतो. संबंधित कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीत, यापुढे या जागेची मोजणी सूर्योदयापूर्वीही करावी आणि प्राणिप्लवकांचा नमुना सोबत घ्यावा, अशी मागणी जोडली. मामांनी टिपण घडी करून खिशात ठेवले आणि जाळे कुठे टाकू, असे विचारले. खाली, मोकळ्या खोल पाण्याकडे टाका, पहिला मोठा पाऊस येऊन नदी वाहती होईपर्यंत इकडे मासा फिरकणार नाही, असे मी सांगितले.