एडिंग्टननं आकडे जुळवले का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच: १९१९च्या ग्रहणात आइन्स्टाइनला पास करायला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टननं आकडे जुळवले, खरं ना? उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझी फक्त मान हलायला हवी असते. एके काळी मी ती हलवायचे, वर तिखटमीठही लावायचे. सूर्याजवळून जाताना ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो ते मोजायचं होतं: आइन्स्टाइनच्या मते १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), न्यूटनच्या हिशेबानं ०.८७. ब्राझीलमधल्या सोब्रालच्या एका दुर्बिणीनं ०.९३ वळण दिलं, न्यूटनच्या शेजारचं, आणि नेमक्या त्याच प्लेटा, म्हणजे फोटोच्या काचा, बाजूला काढल्या! टाळ्या पडायच्या.

मग एका खग्रास ग्रहणाला मी स्वतः दुर्बीण लावली. आदल्या रात्री ताऱ्यांवर फोकस केला आणि धक्का लागू नये म्हणून त्याच्या चाकावर चिकटपट्टी गुंडाळली. खग्रास लागलं, हवा झर्रकन गार झाली, नळी आकसली. पट्टी जागच्या जागी आणि फोकस गेलेला. मला पत्ताच नाही. मी आकाशाकडे बघत उभी. पुढे हिशेब केला तर वळण अपेक्षेच्या निम्मं. तेव्हा कुठे फ्रेम मोठ्या करून पाहिल्या: बऱ्याच फ्रेममध्ये ताऱ्यांच्या जागी धुरकट कड्या. त्या वगळल्या. आकडा १.७५ च्या जवळ सरकला. मी खूश.

पहिल्याच हिशेबात १.७५ आलं असतं तर मी त्या कड्या शोधायला गेले असते? नसते.

सोब्रालवाल्यांनी ग्रहणानंतरच्या पहाटे ३ वाजता प्लेटा धुतल्या आणि फोकस बिघडल्याचं तेव्हाच लिहून ठेवलं, मोजणी व्हायच्या कितीतरी आधी. त्या वगळल्या तेव्हा विश्लेषण ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख डायसन याच्या हाताखाली चाललं होतं, एडिंग्टनच्या नव्हे. तिथल्याच चार इंची दुर्बिणीचं १.९८ तर आइन्स्टाइनपेक्षाही जास्त. जुळवाजुळव करणारा ते तसंच छापेल? १९७९ मध्ये त्याच धुरकट प्लेटा यंत्रानं पुन्हा मोजल्या, १.५५ आलं. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांनी तर आइन्स्टाइनचा सिद्धांत लाखात दोन-तीन भागांपर्यंत तपासला.

हो, माहीत आहे, कॅसिनीनं सिद्धांत तपासला, १९१९ ची निवड नव्हे. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर काढलेल्या स्वतःच्या दोनच प्लेटांवर एडिंग्टन जरा जास्तच विसंबला, हेही मला अजून खटकतं.

पण आता कुणी 'जुळवले ना?' म्हणालं की मला माझी वही आठवते. तिच्यात फोकसची नोंद आहे. हिशेबाच्या पुढच्या पानावर.