नोंद 3: 30-40-50 चा पतंग, आणि काडी कुठं सरकली ते कडांवरून ओळखणं

उभी कामटी (काडी) 50 सेंमी, आडवी 48. आडवीचा मध्य वरच्या टोकापासून 18 सेंमीवर काटकोनात बांधायचा. वरच्या कडा 30-30 येतात, खालच्या 40-40. हीच मापं धरली, कारण 30-40-50 मुळे डावीकडचा आणि उजवीकडचा कोन नेमका 90 अंशांचा होतो. गावातल्या सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की तपासणी झाली.

उभ्या काडीला तुराटी (तुरीची वाळलेली काडी) चालून जाते. तूर निघाल्यावर ढीगभर मिळते. आडवीला मात्र बांबूच घ्या. वाळलेली तुराटी वाकवली की मोडते.

क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे 1200 चौ. सेंमी. पण क्षेत्रफळ जमलं म्हणून पतंग जमला असं नाही. आडवी काडी अर्धा सेंमी उजवीकडे सरकली तरी कर्ण काटकोनातच छेदतात, क्षेत्रफळ 1200 च राहतं. बिघडतं ते वेगळंच: उजवा अर्धा भाग 612.5, डावा 587.5. असा पतंग एका बाजूला ओढत राहतो आणि दोष बिचाऱ्या कण्णीवर (मांजा जोडायला पतंगाला बांधतात त्या दोऱ्यावर) जातो.

म्हणून कागद चिकटवण्याआधी कडेचा दोरा ताणून चारही कडा मोजा. एकाच बाजूच्या दोन्ही कडा लांब (30.4 आणि 40.3) आणि दुसरीकडच्या आखूड (29.6 आणि 39.7) असतील, तर काडी सरकली आहे. एका बाजूला वरची आखूड, खालची लांब (29.4 आणि 40.8) आणि समोर उलट (30.6 आणि 39.2) असेल, तर काडी तिरपी बसली आहे, एक टोक सेंमीभर वर, दुसरं तेवढंच खाली. पहिल्यात गाठ सोडून मध्य पुन्हा धरावा लागतो. दुसऱ्यात गाठ ओली असेपर्यंत काडी फिरवली तरी भागतं. कडेला दोरा 140 सेंमी, गाठींसह 150 घ्या.

कागद कापताना बरेच जण फसतात. 1 सेंमी दुमड हवी म्हणून 52 × 50 चा तुकडा घेतात आणि टोकं अपुरी पडतात. दुमड कडेला लंब मोजायची असते, त्यामुळं टोकाशी ती जास्त बाहेर जाते. पतंगात अंतर्वर्तुळ (चारही कडांना आतून टेकणारं वर्तुळ) बसतं, इथं त्याची त्रिज्या 17.14, दुमड धरून ती 18.14 होते. बाहेरचा आकार मूळ आकाराशी समरूप असल्यानं कर्णही त्याच प्रमाणात वाढतात: 52.9 आणि 50.8. तुकडा 53 × 51 चा घ्या. मैद्याची खळ पातळच ठेवा, घट्ट खळीनं कड जड होते.

पुढचा नमुना त्याच काड्यांचा, पण आडवी 25 वर: समभुज चौकोन, बाजू 34.66, क्षेत्रफळ तेच. कागदाचा गुरुत्वमध्य वरून (50 + 18) ÷ 3 = 22.67 वर होता, तो 25 वर उतरेल. कण्णीची खालची गाठ त्या हिशेबानं हलवावी लागणार.