परीक्षण नाटकानंतरच

नाटक बघायच्या आधी मी परीक्षण वाचत नाही. लेखक कोण, नट कोण एवढं कळलं की तिकीट काढते. परीक्षण बहुधा सुरुवातीच्या प्रयोगावर लिहिलेलं असतं आणि नाटक तर प्रयोगागणिक बदलतं. एखादा विराम लांबतो, हशा भलत्याच वाक्याला येतो. ‘दुसऱ्या अंकातला तो प्रवेश अंगावर येतो’ असं वाचलं की अख्खा पहिला अंक त्याचीच वाट बघण्यात जातो. मग पाठमोरा उभा असलेला नट नुसत्या खांद्यांनी जे बोलतो, ते निसटतं. लंडनमध्ये १९५२ साली आलेल्या ‘द माउसट्रॅप’ या रहस्यनाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना रहस्य फोडू नका अशी विनंती करतात. मला ती मनापासून पटते.

घरी आल्यावर मात्र सापडतील तेवढी परीक्षणं वाचते, न पटणारी तर आधी. प्रकाशयोजना कशी बघायची हे मला त्यांच्यातूनच कळत गेलं.