आधी टायर, मग बाकीचं

लोणावळ्यातून तुंगार्लीवरून राजमाची किल्ल्याकडे वळलं की सुरुवातीचा थोडा भाग सोडला, तर पुढे सगळा मामला दगड, लाल चिखल आणि ओढ्यांचा. किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत अंतर 15-16 किलोमीटर. जुलैच्या पावसात मात्र अंतर विचारूच नये, वेळ विचारावी.

माझी मारुती जिप्सी 2004 सालची, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली. 1.3 लिटरचं इंजिन, 80 हॉर्सपॉवर, वजन साधारण टनभर, पुढे-मागे लोखंडी पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन. डिसेंबर 1985 मध्ये आलेली ही गाडी तीस वर्षांहून जास्त काळ फारशी न बदलता विकली गेली. त्यामुळे आजही तिचे पार्ट जुन्या बाजारात मिळतात आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही तिला न घाबरता उघडतो. पाठीला मात्र ती अजिबात दया दाखवत नाही. मागच्या सीटवर बसून राजमाची केलेल्या माझ्या भावाने परतताना पुढची जागा सोडली नाही.

या जुलैतल्या राजमाचीच्या सहलीआधी एका दुकानात गेलो होतो. तिथे गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट, मोठाले टायर, अडकलेली गाडी ओढणारी विंच आणि छतावर दिव्यांची पट्टी, असा दीड लाखाच्या पुढचा हिशोब हातात पडला. गाडी कुठे नेता, किती जण बसता, टायरमध्ये हवा किती ठेवता, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मला हे मनापासून खटकलं. जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे असे चुकीच्या जागी जातात आणि मग सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या झिजलेल्या बुशांवर लिफ्ट चढते.

आमच्या मिस्त्रीकाकांचा क्रम वेगळा. "साहेब, आधी टायर. मग जे ढिलं आहे ते घट्ट करू. नवीन काही लावायचं ते शेवटी." तसंच केलं. 215/75 आर 15 चे ऑल-टेरेन टायर घेतले, खर्चाचा मोठा भाग त्यातच गेला. पाट्यांचे बुश आणि शॉकअप बदलले, पाट्या चॅसीला जोडणाऱ्या शॅकलना ग्रीस मारलं. एवढ्यानेच खड्ड्यात आपटणारी गाडी अलगद बसायला लागली.

सगळ्यात स्वस्त काम ब्रीदरचं, म्हणजे चाकांच्या आसातली हवा जिथून ये-जा करते त्या छोट्या तोंडाचं. चालून चालून अ‍ॅक्सल तापतो आणि तसाच थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. मग ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि गिअर ऑइलचा दुधाळ चहा होतो. उपाय म्हणजे ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो इंजिनच्या खोलीत उंच बांधायचा. काही शेकड्यांत काम होतं आणि क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर देणारी दातेरी जोडी, वाचतो.

शेवटी पुढे आणि मागे गाडी ओढायचा एकेक हूक, तेही चॅसीला, 8.8 ग्रेडच्या मजबूत बोल्टनी. बंपरला बांधलेला हूक हा हूक नव्हे. बंपरपुढचा लोखंडी बुलगार्ड मी काढून टाकला. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलगार्डवर बंदीच आणली. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदींशी जुळणार नाहीत असे बदल करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. मोठी लिफ्ट डोक्यातून काढायला मला हे कारणही पुरेसं होतं.

आता त्या दिवसाचं.

फणसराईच्या पुढे एका चढाआधी वाटेची दोन चाकोऱ्यांची घळ झाली होती आणि त्यात एक नवी, मोठी फोर-बाय-फोर पोटावर बसली होती. छतावर कॅरिअर, पुढे डोळे दिपवणारे दिवे. तिच्यामागे उधेवाडीचा एक दादा मोटरसायकलवर खोळंबला होता. टाकीवर तांदळाचं पोतं आडवं, मागे गॅसची टाकी बांधलेली. बाजूने जायला जागा नाही. तो चिडलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "शनिवार-रविवार हे असंच," एवढंच म्हणाला.

आतली मुलं एक्सिलेटर दाबून चाकं गरागरा फिरवत होती आणि गाडी आणखी खाली जात होती. मी आणि भाऊ उतरलो. पहिल्यांदा इंजिन बंद करायला लावलं. मग त्यांच्या चारही टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि रुतण्याऐवजी तरंगायला लागतो. ज्याला पैसा लागत नाही असा हा एकच बदल, आणि बहुतेक जण तोच करत नाहीत. त्यानंतर दादाने कुठूनसं फावडं आणून चाकांभोवतीचा चिखल ओढला. ओढायचा हूक कुठे लागतो ते त्या मुलांना ठाऊक नव्हतं. तो डिकीत, सगळ्या सामानाच्या तळाशी निघाला.

आमच्याकडे ताणली जाणारी नायलॉनची दोरी होती. दोरी अडकवायच्या शॅकलची (लोखंडी कडीची) पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतली, म्हणजे ताणाखाली ती अडकत नाही. दोरीच्या मध्यावर ओलं पोतं टाकलं, कारण ती तुटली तर सापासारखी उलटते आणि माणूस जाऊ शकतो. सगळ्यांना लांब उभं केलं. पुढच्या चाकांनाही जोर मिळावा म्हणून माझे पुढचे हब लॉक केले, लिव्हर फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या हळू, जोरदार गिअरात) टाकला आणि हलकेच रिव्हर्स घेतला. दोरी ताणली गेली, क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग दोन टनांची ती गाडी चिखलातून सुटून आली. टनभराच्या जिप्सीने ती ओढली, पण खरं काम त्या उतरवलेल्या हवेने आणि फावड्याने आधीच केलं होतं.

दादा निघून गेला. उधेवाडीत पोचलो तर त्याच्याच घरी जेवण निघालं! मावशींनी पिठलं, तांदळाची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि आम्ही नको म्हणेपर्यंत भाकरी येत राहिली. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले दोन्ही धुक्यात, काही दिसलं नाही.

काजव्यांच्या दिवसांत, मे संपता संपता, इथे गाड्यांची रांग लागते. हौस म्हणून चाकं फिरवून वाट खणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या घळीतून पोतं, टाकी आणि आजारी माणूस याच गावच्या लोकांना न्यावा लागतो. 4x4 घेऊन येणार असाल तर प्रेशर गेज, 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर, फावडं आणि दोरी आणा. हे सगळं त्या दिव्यांच्या पट्टीपेक्षा स्वस्तात बसतं. गाड्यांचा ताफा करून येऊ नका, आणि आदल्या रात्री फार पाऊस झाला असेल तर गाडी लोणावळ्यात ठेवून चालत या. वाट सुंदर आहे.

घरी आल्यावर पुढच्या-मागच्या आसातल्या दोन्ही डिफरन्शियलचं गिअर ऑइल काढून पाहिलं, स्वच्छ होतं. पुढच्या चाकांत मात्र साठच्या वेगाला थरथर जाणवते. मिस्त्रीकाकांचा अंदाज किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगचा आहे. दिवाळीआधी ते आणि तिथलं नकल सील एकदमच उघडू. मागच्या सीटचं काय करायचं ते भावाने ठरवायचं आहे.